बगीच्याच्या नावाने प्रोफाइल नको, पेज काढा

अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडे आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, संत्रा तोडणीला आला की फेसबुकवर नव्या नावांच्या फ्रेंड रिक्वेस्ट येऊ लागतात. अमुक ऑरेंज फार्म, तमुक संत्रा बगीचा. व्यापारी म्हणेल त्या भावावर अडून न राहता थेट गिऱ्हाईक गाठायचं, म्हणून कास्तकाराची पोरं हे करतात. करायलाच पाहिजे. पण बरेच जण बगीच्याच्या नावाने प्रोफाइल उघडतात, आणि तिथे पाहिजे असतं पेज.

दोन्ही दिसायला सारखीच. वर आडवा कव्हर फोटो, खाली गोल फोटो, मग नाव. घोळ होतो तो इथेच.

प्रोफाइल माणसाचं असतं, पेज धंद्याचं किंवा संस्थेचं. प्रोफाइलवर रोजच्या व्यवहारातलं खरं नाव हवं, असा फेसबुकचा नियम आहे. खातं तपासणीत अडकलं की ओळखपत्र मागतात. आधार कार्डावर ‘संत्रा बगीचा’ हे नाव कोण दाखवणार? खातं बंद झालं की बहाराचे फोटो गेले, जोडलेली गिऱ्हाइकंही गेली. शिवाय प्रोफाइलवर मित्र जास्तीत जास्त ५,०००. पेजच्या फॉलोअर्सना अशी मर्यादा नाही.

लॉकचा फरक तर फार महत्त्वाचा. २०२० पासून भारतात प्रोफाइल लॉक करता येतं. अनोळखी माणसाला मग तुमच्या पोस्ट दिसत नाहीत, फोटो मोठा करून पाहता येत नाही. घरच्या लेकीसुनांनी हे लॉक जरूर लावावं, असं मी आग्रहाने सांगतो. पण बगीच्याचं प्रोफाइल लॉक असेल तर पुण्याचं गिऱ्हाईक नाव शोधतं, बारीकसा फोटो पाहतं आणि परत जातं. पेज लॉक होतच नाही. ते सगळ्यांना पाहता यावं म्हणूनच असतं.

म्हणून दोन्ही सजवण्याची रीतही वेगळी. प्रोफाइलच्या गोल फोटोत आपला चेहरा ठेवा, उजेडातला आणि मधोमध, कारण कोपरे कापले जातात. गजानन महाराजांचा फोटो लावायचा असेल तर तो कव्हरवर शोभतो. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चौघे निघतात. चेहरा नसला तर मामेभावालाही ओळख पटत नाही. नाव टाकताना शुद्धलेखन नीट पाहा, एकदा बदललं की ६० दिवस हात लावता येत नाही. जन्मसाल आणि फोन नंबर ‘फक्त मी’ वर ठेवा. प्रत्येक माहिती कोणी पाहायची हे वेगवेगळं ठरवता येतं, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

पेजवर याच्या बरोबर उलट. तिथे नंबर उघडा हवा, व्हॉट्सॲपचं बटण हवं, गावासोबत तालुका आणि जिल्हा हवा. कव्हर बहाराप्रमाणे बदला: दिवाळीच्या सुमारास आंबिया, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याचा बहार. नेटवरून उतरवलेला चकचकीत फोटो मात्र लावू नका. त्यात बहुतेकदा घट्ट सालीचं, गर्द केशरी, परदेशी फळ असतं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, आंबियाचं फळ कित्येकदा हिरवट. पेटी उघडल्यावर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. फांदीला लागलेला आपलाच संत्रा सकाळच्या उन्हात टिपा. कव्हरवर नंबर लिहायचा तर मध्यभागी लिहा, मोबाईलवर दोन्ही कडा कापल्या जातात.

पेज न काढता प्रोफाइलचाच ‘प्रोफेशनल मोड’ (प्रोफाइललाच फॉलोअर्स जोडण्याची सोय) सुरू केला की फॉलोअर्स मिळतात खरे, पण नाव आणि खातं त्या माणसाचंच राहतं.

पापड-कुरड्या विकणाऱ्या बचत गटांनी एक गोष्ट आधी करावी. पेज कोणाच्या तरी प्रोफाइलमधूनच चालतं. ते एकट्या अध्यक्षताईंच्या हाती असेल आणि त्यांचं खातं बंद पडलं, तर पेज कोणालाच चालवता येत नाही. पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन सचिवताईंनाही पूर्ण अधिकार द्या. त्यांनी तो आपल्या फोनवर स्वीकारला का, तेही तिथेच बसून पाहून घ्या.