दुहेरी जोडणीचे राउटिंग

एका संगणकाला एकाच वेळी दोन नेटवर्क जोडलेली असताना कोणते पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) कोणत्या जोडणीतून बाहेर पाठवायचे, हे ठरवण्याची पद्धत. वायर आणि वायफाय, दोन कंपन्यांचे ब्रॉडबँड, घरचे इंटरनेट आणि ऑफिसचे व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट) अशा जोड्या नेहमी आढळतात. अशा संगणकाला ‘मल्टिहोम्ड’ म्हणतात. त्याने कसे वागावे याची चर्चा ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातच आहे.

निर्णय होतो तो राउटिंग टेबल, म्हणजे संगणकाकडची वाटांची यादी, पाहून. विंडोजवर ‘रूट प्रिंट’ आणि लिनक्सवर ‘आयपी रूट’ या आज्ञेने हे टेबल दिसते. प्रत्येक ओळीत पत्त्यांचा गट, गेटवे (पॅकेट पुढे पाठवणारे यंत्र), जोडणी आणि मेट्रिक (वाटेचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा) असते. पॅकेटच्या पत्त्याला लागू पडणाऱ्या ओळींपैकी सर्वांत नेमकी ओळ निवडली जाते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड याच तत्त्वावर चालतो. ४ या अंकात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. ४११ म्हणजे पुणे. ४११०३० चे पत्र दोन्ही थैल्यांत बसते, पण ४११ ची थैली समोर असताना ते नुसत्या ४ च्या थैलीत कोणी टाकणार नाही. कुठल्याच गटात न बसणारे पत्ते ०.०.०.०/० या डीफॉल्ट ओळीकडे जातात (‘/’ नंतरचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट जुळायला हवेत). दोन ओळी सारख्याच नेमक्या असतील तरच मेट्रिकचा विचार होतो आणि लहान आकडा जिंकतो.

नेहमीची अडचण इथेच येते. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालू आहे. ऑफिसच्या सर्व्हरसाठी वायर लावली आणि इंटरनेट गेले. दोन्ही जोडण्यांनी आपापली डीफॉल्ट ओळ टाकलेली असते. लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रॅममध्ये वायरचे मूळ मेट्रिक १०० आणि वायफायचे ६००, म्हणून सगळी रहदारी वायरकडे वळते. त्या वायरला बाहेरची वाट नसली, तरीही. पुष्कळ जण आधी मेट्रिकशी झटापट करतात. खरा उपाय साधा आहे: डीफॉल्ट गेटवे एकाच जोडणीवर ठेवावा. वायरच्या सेटिंगमध्ये गेटवेची जागा रिकामी सोडली, तरी १९२.१६८.१०.०/२४ हे तिचे स्वतःचे नेटवर्क दिसतच राहते. पलीकडे १०.२०.०.०/१६ असे आणखी नेटवर्क असेल, तर त्यासाठी १९२.१६८.१०.१ या गेटवेची वेगळी ओळ घालावी. अशी ओळ संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होते. ती टिकवायची तर विंडोजवर ओळ घालण्याच्या आज्ञेला ‘-पी’ जोडावे लागते.

दोन कंपन्यांचे इंटरनेट असलेल्या सर्व्हरचा प्रश्न याहून अवघड आहे. साधे राउटिंग पॅकेट कुठे चालले एवढेच पाहते, कोणत्या पत्त्यावरून निघाले ते पाहत नाही. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या वाटेने आलेल्या विनंतीचे उत्तर पहिल्या कंपनीच्या वाटेने निघते. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र दुसऱ्या कंपनीचा असतो, आणि परक्या पत्त्याची पॅकेटे गाळण्याची शिस्त पाळणारी पहिली कंपनी ते टाकून देते. बाहेरच्या माणसाला सर्व्हर बंद वाटतो, आत तर सगळे व्यवस्थित चालू असते. यासाठी पॉलिसी राउटिंग वापरतात. लिनक्समध्ये १९९९ च्या २.२ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) ते उपलब्ध आहे: प्रत्येक जोडणीचे स्वतंत्र टेबल करायचे आणि ‘आयपी रूल’ने सांगायचे की या पत्त्यावरून निघालेले पॅकेट त्या टेबलाने जावे.

दोन जोडण्या घेतल्या म्हणजे वेग दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. साधे टीसीपी संभाषण (टीसीपी म्हणजे दोन संगणकांत माहिती क्रमाने पोचवण्याची पद्धत) दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट (संगणकातील प्रोग्रॅम ओळखण्याचा क्रमांक) यांना बांधलेले असते, त्यामुळे एकच मोठी फाइल अशा एका संभाषणातून उतरवताना एकाच जोडणीचा वेग मिळतो. अनेक संभाषणे चालू असतील तर ती वाटून देता येतात. एकच संभाषण दोन्ही वाटांनी नेणारे मल्टिपाथ टीसीपी २०१३ मध्ये आरएफसी ६८२४ म्हणून आले आणि २०२० मध्ये आरएफसी ८६८४ ने त्याची जागा घेतली. मात्र ते समोरच्या सर्व्हरलाही यावे लागते.