५०० ठिपक्यांत शहराचं वृक्षछत्र

महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरांना दर पाच वर्षांनी वृक्षगणना करावी लागते. त्यात म्हातारा वड एक आणि शेजारचा सडसडीत अशोकही एकच. सावली किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी वृक्षछत्र मोजायचं, म्हणजे वरून पाहिल्यावर किती टक्के जमीन फांद्या-पानांनी झाकलेली दिसते ते.

फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रभागाचं हे काम आरामात होतं. प्रभागाची हद्द 'रीप्रोजेक्ट लेयर' वापरून यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीत (तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३) आणा. पुण्या-मुंबईला हेच लागतं, नागपूरला ४४. इथे नुसतं 'सेट लेयर सीआरएस' केलंत, म्हणजे आकडे न बदलता फक्त पद्धतीचं नाव बदललंत, तर अक्षांश-रेखांशांचे आकडे मीटर समजले जातात आणि तुमचा प्रभाग मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन बसतो! मग हद्दीत ५०० यादृच्छिक ठिपके टाका, किमान अंतर ५ मीटर. हद्द अंशांतच राहिली असेल तर ५ म्हणजे ५ अंश, आणि ठिपका पडतो जेमतेम एक.

खाली उपग्रहचित्र लावून प्रत्येक ठिपक्यापुढे नोंद करा: झाड, गवत, इमारत, रस्ता, माती, पाणी. ठिपका झाडाच्या कडेला पडला की हात त्याला 'झाड' म्हणायला शिवशिवतो. तसं करू नका. अगदी मधोमध जे दिसतं तेच लिहा. गडद सावलीत काहीच कळत नसेल तर जुनं चित्र काढून पाहा. उंच इमारती चित्रात कलंडलेल्या दिसतात आणि मागची झाडं झाकतात, म्हणून शक्यतो थेट डोक्यावरून घेतलेलं चित्र निवडा. महिनाही पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा निष्पर्ण असतात, तर पावसाळ्यात गवत झाडांइतकंच हिरवं. डिसेंबर बरा.

५००पैकी १०० ठिपके झाडावर पडले तर छत्र २० टक्के, चूक अधिक-उणे ३.५, म्हणजे खरं छत्र बहुधा १६.५ ते २३.५ टक्क्यांच्या दरम्यान. ही चूक निम्मी करायची तर ठिपके चौपट लागतात.

पाच वर्षांनी पुन्हा मोजताना मात्र नवे ठिपके टाकू नका. समजा, छत्र २०वरून १६ टक्क्यांवर आलं. ठिपके वेगळे असतील तर या फरकातली चूक जवळपास ५ टक्के, म्हणजे घट खरी की योगायोग, सांगता येत नाही. तेच ठिपके ठेवले आणि ३० ठिपक्यांवरचं झाड गेलं, १० वर नवं आलं, तर घट तीच ४ टक्के, पण चूक २.५. मूळ ठिपक्यांची फाइल म्हणूनच जपून ठेवा.