किशोरस्नेही समाजमाध्यम-रचना

तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची झोप, अभ्यास, मैत्री आणि मनःस्थिती बिघडणार नाही, अशा बेताने समाजमाध्यमांची अ‍ॅप्स घडवण्याची पद्धत. या विषयावरची चर्चा बहुधा ‘मुले फोनवर किती तास असतात’ इथेच अडकते. रचनाकार विचारतो तो प्रश्न निराळा: फोन हातात असताना अ‍ॅप मुलाकडून काय करवून घेते?

2006 मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने न संपणारे स्क्रोल तयार केले. पानाचा तळ नाहीसा झाला आणि त्याबरोबर थांबण्याची जागाही. आपल्या या शोधाबद्दल पुढे त्यानेच जाहीर खंत व्यक्त केली. 2009 मध्ये फेसबुकवर लाइकचे बटण आले आणि पसंती मोजता येऊ लागली. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि रात्री-बेरात्री वाजणारी नोटिफिकेशन्स हीही त्याच घराण्यातली.

यात सर्वांत बोलका नमुना स्नॅपचॅटच्या स्ट्रीकचा. दोघांनी सलग किती दिवस एकमेकांना स्नॅप म्हणजे फोटो-संदेश पाठवला, त्याचा आकडा ज्योतीच्या चिन्हाशेजारी दिसतो. 24 तासांच्या आत तो पाठवला नाही, तर हा आकडा पुसला जातो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी निघालेली अकरावीची मुलगी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे) सामान गाडीत चढण्याआधी मैत्रिणीला आपला पासवर्ड देऊन जाते. घाटाच्या पायथ्याला रेंज नाही आणि दोनशेवर गेलेली स्ट्रीक मोडायला नको. मैत्रीण तिच्या नावाने रोज छताचा नाहीतर भिंतीचा फोटो पाठवत राहते. पलीकडूनही बहुधा भिंतच येते. सुट्टीपुरता आकडा आपसूक थांबवण्याची सोय असती, तर पासवर्ड घरातच राहिला असता.

उपायांचा गाभा मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅप सुरुवातीला जसे मिळते त्या मांडणीत आहे, कारण बहुतेक जण ती बदलायला जातच नाहीत. ब्रिटनची मुलांसाठीची रचना-संहिता 2020 मध्ये लागू झाली आणि कंपन्यांना तयारीसाठी वर्षभर मिळाले. मुलांच्या खात्यांवर गोपनीयता सुरुवातीपासून कडक हवी, आणि ती सैल करायला मुलांना गोडीगुलाबीने ढकलू नये, असे ती सांगते. यूट्यूबने 2021 मध्ये 13 ते 17 वयोगटासाठी ऑटोप्ले मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले. इन्स्टाग्रामच्या किशोर-खात्यांत (2024) खाते प्रायव्हेट असते, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन्स गप्प असतात, आणि सोळाखालच्यांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. याच अ‍ॅपने 2021 मध्ये लाइकचा आकडा लपवण्याची मुभा सर्वांना दिली होती. पण तो पर्याय शोधून चालू करण्याचे काम वापरणाऱ्यावर टाकले. असा उपाय अर्धाच म्हणावा लागेल.

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली. बंदीने दाराचा प्रश्न सुटतो. सोळावे संपल्यावर मूल ज्या घरात शिरते ते घर तसेच राहते. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालील प्रत्येक जण मूल ठरतो. पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे तो कायदा म्हणतो.

गोव्यात हे सारे दोन जागी अडते. पहिली, घरातला सामायिक फोन. खाते आईच्या नावाने, जन्मसाल आईचे. मग किशोरांसाठीचे संरक्षण लागू होणार कुणाला? दुसरी, भाषा. इथली मुले एकाच संभाषणात रोमी लिपीतली कोकणी, देवनागरी मराठी आणि हिंदी फिरवतात, एकच शब्द तीन स्पेलिंगांनी लिहितात. ‘पिशें’ (कोकणीत वेडे) हा शब्द आजीच्या तोंडी लाडाचा. तोच वर्गाच्या ग्रुपवर दहा जणांनी एकामागून एक टाकला की बोचतो. शिव्यांची यादी पाहून संदेश अडवणाऱ्या अ‍ॅपच्या गाळणीला यातला फरक कळत नाही. तो कळायला मुलांनाच विचारावे लागते.

तसे विचारण्याचा एक धडा गोव्यातच झालेला आहे. 1996 मध्ये इथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्य संस्थेने गोवा आणि दिल्लीतील शाळकरी मुलांना सोबत घेऊन ‘पॉड अ‍ॅडव्हेंचर्स’ हा स्मार्टफोनवरचा खेळ रचला. ते समाजमाध्यम नव्हे. पण किशोरांसाठीची रचना कशी करावी याचे ते जवळचे उदाहरण आहे. पॉड म्हणजे प्रॉब्लेम, ऑप्शन, डू इट. मूल आधी खेळातल्या पात्रांच्या अडचणी सोडवते, मग समुपदेशकाच्या मदतीने स्वतःची अडचण मांडते आणि तिच्यावरचे पर्याय तपासते. खेळाला शेवट आहे, आणि ‘डू इट’ची पायरी फोन खाली ठेवून गाठायची असते.