सीनेम आणि ईमेल प्रेषकाचा पत्ता

डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत, एखादे नाव दुसऱ्या नावाचे उपनाव आहे, असे सांगणाऱ्या नोंदीला सीनेम म्हणतात. बहुतेकदा ती संकेतस्थळाच्या सोयीसाठी केली जाते, पण त्याच नावाने ईमेल जात असेल तर तिचा परिणाम प्रेषकाच्या पत्त्यावरही होतो. सीनेम आयपी पत्त्यापुरता नसतो. १९८७ च्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजानुसार, सीनेम असलेल्या नावाला दुसरी नोंद ठेवता येत नाही. पुढे डीएनएससेकच्या (डीएनएसच्या उत्तरांवर सही करणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदींचा तेवढा अपवाद झाला. त्यामुळे एमएक्स (ईमेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरची नोंद) मागा वा टीएक्सटी (मजकुराची नोंद), उत्तर मूळ नावाचेच येते.

१९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये, पत्र पाठवताना प्रेषक आणि प्राप्तकर्ता सांगणाऱ्या मेल आणि आरसीपीटी या आज्ञांत उपनाव चालत नसे; मूळ नावच देणे बंधनकारक होते. सेंडमेल हा मेल-सर्व्हर तर पत्रावरच्या फ्रॉम ओळीतले उपनावही बदलून टाकत असे. पाठवणाऱ्याने 'मेल.एक्झाम्पल.कॉम' लिहिले तरी पोहोचणाऱ्याला 'होस्ट७.एक्झाम्पल.कॉम' दिसे, उत्तरेही त्याच पत्त्यावर येत आणि ते यंत्र निवृत्त झाले की लोकांनी जपलेला पत्ता निकामी होई. २००१ च्या आरएफसी २८२१ ने उपनावांना मुभा दिली आणि २००८ च्या आरएफसी ५३२१ ने ती कायम ठेवली. मात्र त्या उपनावाच्या मूळ नावाला एमएक्स किंवा आयपी पत्ता असला पाहिजे. डीकेआयएमच्या, म्हणजे पत्रावरच्या डिजिटल सहीच्या, काळात जुनी सवय महागात पडते: सही झाल्यावर फ्रॉम ओळ बदलली, की सही बाद.

आजची नेहमीची अडचण एसपीएफची, म्हणजे एखाद्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगणाऱ्या टीएक्सटी नोंदीची आहे. 'शॉप.एक्झाम्पल.कॉम' हे दुकान चालवणाऱ्या सेवेकडे सीनेमने वळवले आणि त्याच नावाच्या रिटर्न-पाथने (लिफाफ्यावरच्या प्रेषक-पत्त्याने) स्वतःच्या सर्व्हरवरून पत्र पाठवले, तर तपासणीत त्या सेवेचा एसपीएफ सापडतो. त्यात आपला सर्व्हर नसल्याने पत्र संशयित ठरते. शेजारी स्वतःची टीएक्सटी नोंद घालायची सोयच नाही. ईमेलसाठी वेगळे उपडोमेन घेणे हा सरळ उपाय.

हाच गुण मुद्दामही वापरतात. 'बाउन्स.एक्झाम्पल.कॉम' ईमेल सेवेकडे वळवले की एमएक्स आणि एसपीएफ दोन्ही ती सेवाच सांभाळते. डीमार्क (फ्रॉममधल्या नावाची पडताळणी करणारा नियम) मात्र उपनाव उलगडत नाही. लिफाफ्यावर लिहिलेले नाव आणि फ्रॉममधले नाव एवढेच ताडून पाहतो, आणि शिथिल नियमात मुख्य डोमेन एक असले की जुळणी होते. डीकेआयएमची किल्लीही अशाच सीनेममागे ठेवतात, म्हणजे ग्राहकाला न विचारता ती बदलता येते.

धोका विसरलेल्या सीनेमचा. ज्या डोमेनकडे तो बोट दाखवतो त्याची मुदत संपली आणि ते दुसऱ्याने विकत घेतले, तर एसपीएफ लिहिण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो आणि त्याची बनावट पत्रे तपासणीत उत्तीर्ण होतात. २०२४ मध्ये 'सबडोमेलिंग' नावाने उघड झालेल्या मोहिमेत नामांकित कंपन्यांची उपडोमेने अशीच वापरली गेली होती.