काउंटीचा अर्थसंकल्प, कर आणि लोकनियुक्त अधिकाऱ्यांचे वेतन (इंडियाना, अमेरिका)

काउंटी हा अमेरिकेत राज्यशासनाच्या खाली असलेला स्थानिक कारभाराचा स्तर. तुरुंग, न्यायालयांच्या इमारती, गावाबाहेरचे रस्ते आणि पूल, जमिनीचे दस्तऐवज, मतदान आणि मालमत्ता कराची वसुली ही कामे प्रामुख्याने काउंटीकडे असतात. देशभरात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्यांना लागू असलेले कायदे राज्यागणिक बदलतात. त्यामुळे साऱ्यांना लागू पडेल असे एकच वर्णन करता येत नाही. ही नोंद मुख्यतः इंडियाना राज्यातील ९२ काउंट्यांविषयी आहे. खर्च करणारा, खर्चाला मंजुरी देणारा, धनादेश काढणारा आणि तिजोरी सांभाळणारा असे चार वेगवेगळे हात या राज्याने मुद्दाम ठेवले आहेत, आणि त्या चौघांनाही मतदारच निवडतात.

सत्तेची वाटणी

काउंटीचा रोजचा कारभार तीन कमिशनरांचे मंडळ पाहते. रस्ते, इमारती, कंत्राटे आणि स्थानिक नियम हे त्यांचे क्षेत्र. पण एक डॉलरही खर्चायचा तर त्याची तरतूद काउंटी कौन्सिलने केलेली असावी लागते. पूर्वी हे दोन्ही अधिकार कमिशनरांकडेच होते. १८९९ च्या सुधारणा कायद्याने पैशांचा अधिकार काढून नव्या कौन्सिलकडे दिला. बहुतेक काउंट्यांत कौन्सिलचे सात सदस्य असतात, चार प्रभागांतून आणि तीन संपूर्ण काउंटीतून निवडलेले. कराचे दर, विभागवार तरतुदी, कर्जाला मंजुरी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि प्रत्येकाचे वेतन ही कौन्सिलची कामे. राजधानी इंडियानापोलिस असलेली मॅरियन काउंटी याला मोठा अपवाद आहे. तिथे १९७० पासून शहर आणि काउंटी यांचा कारभार एकत्र करण्यात आला असून महापौर हाच कार्यकारी प्रमुख असतो.

यांच्या जोडीला ऑडिटर, ट्रेझरर, रेकॉर्डर (जमिनीचे दस्तऐवज नोंदवणारा), शेरीफ (काउंटीच्या पोलिसांचा आणि तुरुंगाचा प्रमुख), कोरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा), सर्व्हेयर (जमीन मोजणी पाहणारा) आणि न्यायालयाचा क्लार्क ही पदे राज्यघटनेनेच निवडणुकीची ठरवली आहेत. मालमत्तेचे मूल्य ठरवणारा असेसरही मतदारच निवडतात. ऑडिटर हा कौन्सिल आणि कमिशनर या दोन्हींचा चिटणीस असतो. अंदाज गोळा करणे, बिले कमिशनरांपुढे ठेवणे आणि मंजुरीनंतर पैसे अदा करण्याचा आदेश काढणे हे त्याचे काम. ट्रेझरर कर गोळा करतो आणि रक्कम जपतो, मात्र ती कुठे खर्च करायची हे ठरवत नाही. या साऱ्यांचे हिशेब १९०९ पासून राज्याचे लेखापरीक्षण मंडळ तपासते.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेशी तुलना केली की फरक लगेच लक्षात येतो. जिल्हा परिषदेत अर्थ समितीचे सभापती अंदाजपत्रक मांडतात, पण तिजोरीची जबाबदारी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी या नियुक्त अधिकाऱ्यांकडे असते आणि बहुतेक पैसा राज्याच्या अनुदानातून येतो. अध्यक्षांचे मानधनही राज्य सरकारच ठरवते. इंडियानात हिशेबनीस आणि कोषाध्यक्षही प्रचार करून मते मागतात, आणि त्यांचा पगार शेजारच्या खोलीत बसणारे सात जण जाहीर सभेत ठरवतात.

अर्थसंकल्पाचे वर्ष

आर्थिक वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे असते. उन्हाळ्यात प्रत्येक विभाग आपली मागणी ऑडिटरकडे देतो. त्यानंतर कौन्सिलपुढे विभागप्रमुखांच्या हजेऱ्या सुरू होतात: शेरीफ दोन जादा तुरुंग कर्मचारी मागतो, क्लार्कला मतदान यंत्रांसाठी रक्कम हवी असते, रस्ते विभागाला डांबराचे वाढलेले दर पटवून द्यायचे असतात. प्रस्तावित आकडे गेटवे या राज्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, जनसुनावणी होते आणि १ नोव्हेंबरपर्यंत कौन्सिलने अर्थसंकल्प मंजूर करायचा असतो. ती तारीख चुकली तर मागील वर्षाच्याच तरतुदी आणि कराची रक्कम पुढे चालू राहते. शेवटी राज्याचा स्थानिक वित्त विभाग सगळे तपासून आकडे प्रमाणित करतो.

प्रस्तावित आकड्यांच्या या जाहीर सूचनेत छापलेली कराची रक्कम ही कमाल मर्यादा असते. कौन्सिल ती नंतर कमी करू शकते, वाढवू शकत नाही. म्हणून बहुतेक काउंट्या सुरुवातीला आकडा चढाच छापतात, आणि सूचना वाचून घाबरलेल्या नागरिकांना दरवर्षी हेच समजावून सांगावे लागते. ही पद्धत कायदेशीर असली तरी लोकांच्या विश्वासाला ती मारक आहे. ज्या कागदावरून करदात्याने मत बनवायचे, त्यावर खरा आकडा नसतो.

दहा किंवा अधिक करदात्यांनी सुनावणीनंतर सात दिवसांच्या आत हरकतीचा अर्ज दिला, तर कौन्सिलला त्यावर आपले निष्कर्ष लेखी नोंदवावे लागतात. हा अधिकार मोलाचा आहे, कारण त्यासाठी वकील लागत नाही आणि मोठी संघटनाही लागत नाही.

कौन्सिलचा अधिकारही अमर्याद नाही. न्यायालयाच्या कामासाठी आवश्यक रक्कम मिळत नसेल, तर न्यायाधीश काउंटीला ती देण्याचा आदेश काढू शकतात. त्या वादाची सुनावणी ठरलेल्या नियमानुसार वरच्या पातळीवर होते.

मालमत्ता कर आणि त्याला घातलेली वेसण

काउंटीचा पारंपरिक कणा म्हणजे मालमत्ता कर. तो १० मे आणि १० नोव्हेंबर असा दोन हप्त्यांत भरायचा असतो. काउंटीचा ट्रेझरर हा कर एकट्या काउंटीसाठी नव्हे, तर शहरे, शाळा, ग्रंथालये आणि टाउनशिप (काउंटीचे छोटे प्रशासकीय भाग) या सगळ्यांसाठी गोळा करतो आणि वर्षातून दोनदा वाटून देतो. पहिला हप्ता मे महिन्यात येत असल्याने जानेवारीपासूनचे पगार भागवायला काही संस्थांना येणाऱ्या करावर अल्पमुदतीचे कर्ज काढावे लागते.

१९९८ मध्ये राज्याच्या कर न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने मूल्यांकनाची जुनी पद्धत घटनाबाह्य ठरवली. ती पद्धत प्रत्यक्ष बाजारभावाशी जोडलेली नव्हती. नव्या मूल्यांकनात जुन्या वस्तीतल्या घरांची किंमत एकदम वर गेली आणि २००७ मध्ये कराच्या बिलांवरून राज्यभर संताप उसळला. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या विद्यमान महापौरांचा अनपेक्षित पराभव झाला. पुढच्या वर्षी गव्हर्नर मिच डॅनियल्स यांच्या काळात मोठा बदल झाला: विक्रीकर ६ वरून ७ टक्के करण्यात आला, शाळांचा नित्य खर्च आणि बालकल्याणाचा भार राज्याने घेतला आणि मालमत्ता करावर कमाल मर्यादा आली. स्वतः राहत असलेल्या घरावर मूल्याच्या १ टक्का, भाड्याची घरे आणि शेतजमीन यांवर २ टक्के, बाकी मालमत्तेवर ३ टक्के. नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने ही मर्यादा राज्यघटनेतच घातली.

याचा परिणाम एका घरावर पाहू. २,००,००० डॉलर मूल्याच्या राहत्या घराचे बिल सगळ्या संस्थांचे दर मिळून २,३०० डॉलर होत असेल, तर मालकाने २,००० च भरायचे. उरलेले ३०० डॉलर कुणीच भरत नाही. काउंटी, शहर, शाळा आणि ग्रंथालय यांच्या हिश्श्यांतून ते वजा होतात. मतदारांनी सार्वमताने मंजूर केलेला शाळेचा जादा कर तेवढा या मर्यादेबाहेर असतो. ज्या भागात अनेक संस्थांचे दर एकमेकांवर चढतात, तिथे, म्हणजे बहुधा जुन्या औद्योगिक शहरांत, ही तूट सर्वाधिक बसते. ज्यांच्या गरजा जास्त आणि मालमत्तेचे मूल्य कमी, त्यांनाच या मर्यादेचा फटका जास्त बसतो ही या व्यवस्थेतली खरी अन्यायाची बाजू आहे.

स्थानिक आयकर

मालमत्ता कर अडला की काउंट्या आयकराकडे वळतात. इंडियानातील काउंट्यांना हा पर्याय १९७३ पासून आहे. १९८४ आणि १९८७ मध्ये त्यात आणखी दोन प्रकार जोडले गेले. एकाच काउंटीत तीन नावांचे, तीन नियमांचे कर चालू असल्याचा गुंता अखेर २०१७ पासून सुटला आणि सगळे मिळून एकच स्थानिक आयकर झाला. सर्व ९२ काउंट्यांनी तो लावलेला असून दर साधारण अर्ध्या टक्क्यापासून ३ टक्क्यांच्या आसपासपर्यंत बदलतो. वसुली राज्याचा महसूल विभाग करतो आणि मागील विवरणपत्रांच्या आधारे काउंटीचा वाटा राज्य पातळीवर प्रमाणित केला जातो. त्यामुळे दर आज वाढवला तरी वाढीव उत्पन्नाचा पूर्ण लाभ हातात पडायला वेळ जातो.

पुण्यातल्या काही कुटुंबांना हा कर पगाराच्या पावतीवरून परिचित आहे. कमिन्स कंपनीचे मुख्यालय बार्थोलोम्यू काउंटीतल्या कोलंबस गावात आहे. किर्लोस्करांबरोबरच्या भागीदारीतून १९६० च्या दशकात ही कंपनी पुण्यात आली आणि तेव्हापासून दोन्ही गावांमध्ये अभियंत्यांची ये-जा आहे. कोलंबसला रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये काउंटीचा क्रमांक विचारतात, बार्थोलोम्यूचा ०३. महत्त्वाची तारीख १ जानेवारी. त्या दिवशी तुम्ही ज्या काउंटीत राहत असाल, तिचाच दर वर्षभर लागतो. फेब्रुवारीत शेजारच्या कमी दराच्या काउंटीत बिऱ्हाड हलवले तरी त्या वर्षी फरक पडत नाही.

अलीकडे हा कर वाढण्यामागे तुरुंग हे मोठे कारण आहे. २०१४ च्या फौजदारी कायदा सुधारणेनंतर सर्वात खालच्या श्रेणीच्या गंभीर गुन्ह्यांतले बहुतेक कैदी राज्याच्या कारागृहांऐवजी काउंटीच्या तुरुंगांत राहू लागले. तुरुंग भरले, नव्या इमारती बांधाव्या लागल्या, आणि त्यासाठी आयकरात खास दर जोडण्याची मुभा कायद्याने दिली.

२०२५ मध्ये गव्हर्नर माइक ब्रॉन यांनी सही केलेल्या कायद्याने राहत्या घराच्या बिलावर १० टक्के, कमाल ३०० डॉलर सवलत दिली आणि स्थानिक आयकराची रचना पुन्हा बदलली. घरमालकाचे ओझे कमी करून ते पगारावर सरकवण्याचा २००८ पासूनचा प्रवास यामुळे आणखी पुढे गेला आहे. भाड्याने राहणाऱ्या नोकरदाराच्या बाजूने पाहिले तर ही करकपात नाही.

इतर करांत वाहनांवरचा व्हील टॅक्स, हॉटेलच्या खोल्यांवरचा कर आणि काही ठिकाणी उपाहारगृहांच्या बिलावरचा कर येतो. व्हील टॅक्सचा पैसा रस्ते आणि पुलांसाठीच वापरता येतो.

लोकनियुक्त अधिकाऱ्यांचे वेतन

कौन्सिल दरवर्षी वेतनाचा ठराव मंजूर करते. त्यात शेरीफपासून अर्धवेळ कारकुनापर्यंत प्रत्येक पदाची रक्कम असते. कमिशनरांचे आणि खुद्द कौन्सिल सदस्यांचे वेतनही त्यातच असते. निवडून आलेल्या अधिकाऱ्याचे वेतन एकदा ठरले की त्या वर्षात बदलता येत नाही. त्यामुळे चालू वर्षात कुणावर रुसून त्याचा पगार कापता येत नाही आणि खूश होऊन वाढवताही येत नाही. सरकारी बाजू मांडणारा प्रॉसिक्युटर आणि न्यायाधीश यांचे मूळ वेतन राज्य देते. शेरीफचे वेतन कामागणिक मिळणाऱ्या फीऐवजी कराराने ठरवता येते, त्यासाठी कमिशनरांशी करार आणि कौन्सिलची मंजुरी लागते.

फीवर अवलंबून असलेले उत्पन्न किती घातक ठरू शकते याचे ठळक उदाहरण अलाबामा राज्यातले आहे. तिथल्या जुन्या कायद्यानुसार कैद्याच्या जेवणासाठी रोज १.७५ डॉलर मिळत आणि उरलेली रक्कम शेरीफ स्वतःकडे ठेवू शकत असे. मॉर्गन काउंटीच्या शेरीफने तीन वर्षांत सुमारे २,१२,००० डॉलर असे ठेवले. कैद्यांना अपुरे जेवण मिळत असल्याचे दिसल्यावर २००९ मध्ये संघीय न्यायाधीशांनी त्यालाच कोठडीत पाठवले. अलाबामाने ही मुभा २०१९ मध्ये कायद्याने बंद केली.

पगाराचा वाद सगळीकडे असतो, मार्ग वेगवेगळे आहेत. इलिनॉयमध्ये पदाची मुदत सुरू होण्याच्या किमान १८० दिवस आधी वेतन ठरवावे लागते, म्हणजे कोण निवडून येणार हे कळण्यापूर्वीच. टेक्सासमध्ये नाराज अधिकारी नऊ सदस्यांच्या वेतन तक्रार समितीकडे जाऊ शकतो. समितीचा निर्णय एकमताने झाला तर तो काउंटीवर बंधनकारक असतो. आयोवात नागरिकांचे वेतन मंडळ शिफारस करीत असे, पण २०२४ च्या कायद्याने असे मंडळ ठेवायचे की नाही हे काउंटीवर सोडले. यांतला इलिनॉयचा नियम सर्वात न्याय्य वाटतो. तिथे रक्कम माणसाकडे पाहून ठरत नाही, पदाकडे पाहून ठरते.

इंडियानात तर इतकी पदे निवडणुकीची असावीत का, हाच प्रश्न २००७ मध्ये ऐरणीवर आला. माजी गव्हर्नर जो कर्नन आणि राज्याचे सरन्यायाधीश रँडल शेपर्ड यांच्या समितीने तीन कमिशनरांच्या जागी एकच काउंटी प्रमुख निवडावा आणि ऑडिटर, ट्रेझरर, रेकॉर्डर, असेसर, सर्व्हेयर, कोरोनर आणि शेरीफ ही पदे नियुक्तीने भरावीत अशी शिफारस केली. टाउनशिपकडचे मूल्यांकनाचे काम बहुतांशी काउंटीकडे गेले. पण ही पदे नियुक्तीची करण्याची शिफारस विधिमंडळाने स्वीकारली नाही, आणि ती आजही मतपत्रिकेवर आहेत.