‘चार लोक काय म्हणतील?’ या कपाटाविषयी

आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं, “काहीतरी वेगळं द्या, पण डोक्यावरून जाणारं नको.” त्यांच्यासाठी आम्ही दाराजवळचं एक कपाट वेगळं लावलंय. आपण नेमके कोण, मनासारखं किती जगता येतं आणि चार लोक त्यात कुठे आडवे येतात, असल्या भानगडींच्या अलीकडच्या कादंबऱ्या त्यात आहेत.

नव्या सभासदाच्या हातात आम्ही आधी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) देतो. छोटीशी आहे, दोन बैठकांत होते. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे राहायला आलेला एक भाडेकरू आणि त्या एकाच माणसावर जीव जडलेले तनय आणि अनुजा, सख्खे भाऊबहीण. आधी तनय निघून गेलेल्या त्या माणसाशी बोलत राहतो, मग अनुजाची डायरी सुरू होते. त्याचं नाव मात्र आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक सोडू नका. सिनेमा कोचीत घडतो. त्यात पुस्तकातलं पुणं नाही, आणि आमच्या मते निम्मी घुसमट त्या पुण्याचीच आहे.

‘तोंडातून ब्र काढायचा नाही’ हे ऐकत मोठ्या झालेल्यांनी कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) न्यावी. ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या. खुर्ची मिळाली, पण पुढे काय, ते इथे आदिवासी भागातल्या बायकांच्या अनुभवांतून समोर येतं. काही प्रसंग अंगावर येतात, रात्री झोपताना वाचायला घेऊ नका.

नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) नेणारे पुष्कळ, अर्ध्यात परत आणणारेही पुष्कळ. नायक खंडेरावच्या मोरगावची सगळी नाती लक्षात ठेवायच्या फंदात पडू नका. खंडेराव आठवेल तसं सांगतो, आपण ऐकत जायचं. हिला पंधराऐवजी तीस दिवसांची मुदत आहे.

प्रवीण बांदेकरांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यापासून मागणी फार आहे. काउंटरवरच्या वहीत नाव लिहून ठेवा, नंबर आला की फोन करू.

खुणेसाठी पानाचा कोपरा दुमडू नका, एसटीचं तिकीट घातलं तरी चालेल. आणि पहिल्या पन्नास पानांत जीव रमला नाही, तर बिनधास्त बदलून न्या.