माळरानावरील घोडेफेरी

जाणत्या वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वाटेने पाहुण्यांना घोड्यावरून माळ हिंडवून आणण्याची फेरी. थंड हवेच्या ठिकाणी घोडेवाला लगाम धरून चालतो, तसे इथे नसते. लगाम पाहुण्याच्याच हाती असतो, फेरी दीड ते तीन तासांची असते आणि बहुतेक अंतर साध्या चालीने, ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगाने कापले जाते. मराठवाड्यात अशा फेरीला सोयीची जमीन म्हणजे बालाघाटच्या पठारावरचे मुरमाड माळ, गवताळ पडीक रान आणि गावोगावच्या पाणंदी.

या मुलखाला घोडा नवा नाही. उदगीर (1760) आणि असई (1803) या लढायांत घोडदळाच्या टापा इथल्याच जमिनीवर उमटल्या. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. त्या हिशेबाने फेरीला आलेला पाहुणा बारगीरच. घोड्यांचा मोठा बाजार आजही नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत भरतो. बाजारातून आणलेले जनावर मात्र लगेच फेरीला लावत नाहीत. ते किमान तीन आठवडे वेगळे बांधून ग्लँडर्स आणि सर्रा या रोगांची तपासणी करून घेतात. ग्लँडर्सवर लस नाही आणि तो माणसालाही होतो. वरातीत नाचवलेला घोडा दिसायला देखणा असला, तरी माळावर सहसा नकोच. लगाम आवळला की पुढचे पाय उचलायचे, हीच त्याची शिकवण; घाबरलेला नवशिका स्वार नेमका लगामच आवळतो.

घोडा निवडताना उंचीपेक्षा वजन पाहावे. स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावा. काटा नसेल तर टेपने काम भागते: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी (दोन्ही सेंटिमीटरमध्ये), भागिले 11,880. घेर 155 आणि लांबी 145 असलेला घोडा साधारण 293 किलोचा भरतो. त्याला 59 किलो झेपतात. त्यातून खोगिराचे 8 किलो वजा केले की स्वार 51 किलोचा उरतो. 72 किलोच्या माणसाला 400 किलोचा घोडा हवा. लहान चणीच्या तट्टावर भारदस्त पाहुणा बसवण्याची चूक सर्रास होते आणि ती दोन महिन्यांनी घोड्याच्या पाठीवर दिसते.

खोगिराखालचा नमदा (जाड लोकरी घडी) रोज उलटून हाताने चाचपावा लागतो. दिवाळीनंतर कुसळी गवत पिकले की त्याची टोकदार कुसळे नमद्यात आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्यात घुसतात. तासाभरात कातडी सोलवटते आणि शांत घोडाही उसळतो. तंग एका दमात आवळू नये. घोडा छाती फुगवून उभा राहतो, म्हणून दहा मिनिटे चालवल्यावर तो पुन्हा तपासावा, नाहीतर खोगीर स्वारासकट एका अंगाला फिरते. रिकिबीची (पाय ठेवायच्या कडीची) पट्ट्यासकट लांबी ढोबळमानाने स्वाराच्या हाताएवढी ठेवतात. पायात टाचेचा बूट हवा. चप्पल घातलेले पाऊल रिकिबीतून आरपार जाते आणि पडलेला माणूस फरफटतो. डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय कोणालाही चढवू नये.

खरी परीक्षा जमिनीची. लांबून मोकळा दिसणारा माळ मोकळा नसतो. बिनकठड्याच्या विहिरी गवतात दिसत नाहीत. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर खूर टिकत नाही. पाणी प्यायला उतरलेला घोडा घसरून आत गेला तर आपणहून वर येत नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी बांधावर झटका मशीनच्या तारा असतात. तारेचा चटका बसला की घोडा चौखूर उधळतो. काळ्या रानात पावसाळ्यात चिखल घोट्यापर्यंत येतो आणि नाल ओढून काढतो. उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात आणि त्यांत पाय अडकून मुरगळतो. म्हणून वाट मुरमावरून आखावी आणि वाटाड्याने ती आदल्या दिवशी पायी फिरून पाहावी. मुरमावर बिननालेचे खूर झिजतात. पाच-सहा आठवड्यांनी नाल ठोकणारा नालबंद हवाच. नायगाव मयूर किंवा येडशी रामलिंग घाट अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि कोणाच्या शेतातून मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

हिवाळ्यात बांधालगतच्या ज्वारीला तोंड घालू देणे नुकसानीचे आहेच, शिवाय धोक्याचेही. कोवळ्या किंवा पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल असते. गुरांना ज्याने किराळ (ज्वारीची विषबाधा) लागतो तेच हे विष. हिरवी ज्वारी सतत चरणाऱ्या घोड्याचे मूत्राशय बिघडते आणि मागचे पाय लटपटतात. उन्हात काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला 40 लिटरहून जास्त पाणी लागते. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा फेरीचा हंगाम. मार्चपासून सकाळी नऊच्या आत परतलेले बरे.

चार पाहुण्यांमागे एक वाटाड्या पुढे आणि एक शेवटी, ही रास्त व्यवस्था. दोन घोड्यांत एका घोड्याइतके अंतर राखतात. ते घटले की पुढचा लाथ झाडतो आणि ती मागच्या स्वाराच्या नडगीवर बसते. दुडकीला (दुडक्या चालीने पळवायला) सर्वांचा होकार हवा, कारण एक घोडा पळाला की बाकीचे थांबत नाहीत. परतीला तोंड वळले की घोड्याला ठाण आठवते आणि तो लगाम ओढू लागतो. पडझड बहुधा इथेच होते, म्हणून शेवटचा किलोमीटर साध्या चालीनेच.

उतरल्यावर तंग सैल करून खुरांतले खडे काढतात, पाणी थोडेथोडे पाजतात आणि अंग गार झाल्यावरच चंदीचा तोबरा (दाण्याच्या खुराकाची तोंडाला बांधायची पिशवी) चढवतात. नाडीही मोजतात. उभ्या, निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. फेरीनंतर पंधरा-वीस मिनिटांत ते 60 च्या खाली आले नाहीत, तर त्या दिवशी त्याला दुसऱ्या फेरीला काढत नाहीत.